घरातल्या घरात चालणारी वेबसाइट

काकांशी माझी ओळख झाली तीच एका दुरुस्तीतून. बायकोची बदली बनारसला झाली होती. तिच्या बँकेतल्या कुणीतरी ब्रह्मा घाटावरच्या एका मराठी घराचा नंबर दिला आणि मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, 'नमस्कार. रूम बघायला उद्या येऊ का?' थोड्या वेळाने उत्तर आलं. मजकूर माझाच होता, पण 'रूम'च्या जागी 'खोली' आणि 'बघायला'च्या जागी 'पाहण्यास'. खाली एकच शब्द: 'या.'

खोली पाहण्यास गेलो. गल्लीतून तीन वेळा चुकून, एका बैलाला वाट देऊन, शेवटी पोचलो. दारात पायजमा आणि बंडी घातलेले एक उंच, पुढे झुकलेले गृहस्थ उभे होते. बंडीच्या खिशातून लाल पेन्सिलीचं टोक डोकावत होतं आणि खिशाचा तळ खडूने पांढरा झालेला होता.

"आपण काय करता?" त्यांनी विचारलं.

"वेबसाइट बनवतो."

"कुठे?"

"घरीच. लॅपटॉपवर."

"आणि मंडळी?"

"बँकेत अधिकारी आहे."

काका आत वळून म्हणाले, "अगं, खोली द्यायला हरकत नाही. बाई नोकरी करतात."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. बँकेने बायकोला सामान हलवायचा भत्ता दिला होता आणि त्या ट्रकमध्ये पलंग, कपाट, वॉशिंग मशीन आणि मी, असे सगळे बनारसला आलो होतो. माझं काम कुठूनही करता येतं हे मी लग्न ठरताना ऐटीत सांगितलं होतं. त्याचा दुसरा अर्थ 'तू नेशील तिकडे येईन' असा होतो, हे तिच्या हातात बदलीची ऑर्डर आली तेव्हा लक्षात आलं.

काका म्हणजे मुद्रितशोधक. उभं आयुष्य बनारसमधल्या एका छापखान्यात त्यांनी संस्कृत पोथ्या आणि मराठी धर्मग्रंथांची प्रुफं तपासली. पुढे छापखाना बंद पडला, काका चालूच राहिले. लग्नाची पत्रिका आली की ते ती लाल पेन्सिलीने दुरुस्त करायचे आणि लग्नाला जाताना आहेराबरोबर वधूपित्याला परत द्यायचे. रोजचं वर्तमानपत्र शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे वाचायचे. सरळ वाचलं की डोळा अर्थाच्या मागे जातो आणि चूक निसटते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पेपर वाचून झाल्यावर "आज काय विशेष?" असं विचारलं तर ते सांगायचे, "ऱ्हस्व-दीर्घाची परिस्थिती गंभीर आहे." देशात काय झालं ते त्यांना काकूंकडून कळायचं आणि काकूंना दूधवाल्याकडून.

पाट्यांच्या बाबतीत ते भाषाभेद करत नसत. हिंदी असो, संस्कृत असो, मराठी असो, हात पोचेल तिथली मात्रा ते खडूने देऊन टाकत. एकदा आळीतले एक वृद्ध वैदिक वारले. मणिकर्णिकेला नेताना काका खांद्याला होते. मी मागून चाललो होतो. लाकडांच्या दुकानापाशी काकांनी मान वळवली, मग मला खूण करून खांदा माझ्याकडे दिला आणि ते नाहीसे झाले. मला वाटलं, भरून आलं असेल. घाटावर पोचल्यावर ते आले, हाताला खडू लागलेला. हळू आवाजात म्हणाले, "'अंत्येष्टि'तला ष पोटफोड्या असतो. त्याने शेंडीफोड्या... जाऊ द्या, आता ठीक आहे." मी 'हो' म्हणालो. शेंडीफोड्या श कुठला आणि पोटफोड्या ष कुठला हे मी घरी येऊन फोनवर तपासलं.

त्यांची मुलगी मंजिरी बंगळूरला असते. ती पूर्वी वडिलांना रोज मेसेज करायची. काका तो मेसेज दुरुस्त करून परत पाठवायचे. त्याला उत्तर असं नसायचंच. 'बाबा, ताप आहे, ऑफिसला नाही गेले' हा मेसेजसुद्धा स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम होऊन परत आला होता. तेव्हापासून ती फक्त बोलून निरोप पाठवते. बोलण्यात शुद्धलेखन दिसत नाही.

अशा माणसाच्या वरच्या मजल्यावर मी राहायला गेलो होतो, आणि माझा व्यवसाय मजकूर लिहून जगापुढे मांडायचा होता.

मी करतो त्या वेबसाइटी साध्या असतात. दवाखान्याची, खानावळीची, एखाद्या क्लासची. एकदा लिहून ठेवलेली पानं, जो येईल त्याला तीच दिसतात. ती जगाला दाखवण्याआधी मी माझ्याच लॅपटॉपवर एक छोटा सर्व्हर चालू करतो. तो ती पानं फक्त मला दाखवतो, बाहेरच्या कुणाला ती दिसत नाहीत. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात मी लिहितो, उजव्या अर्ध्यात पान दिसतं. डावीकडे काही बदलून सेव्ह केलं की उजवीकडचं पान आपोआप ताजं होतं. आमच्या धंद्यात याचं कुणाला काही वाटत नाही.

एका सकाळी काका पाण्याच्या टाकीचं झाकण वानरांनी पुन्हा नेलं का ते बघायला वर आले आणि माझ्या मागे थांबले. मी कोल्हापूरच्या एका मटणाच्या खानावळीची साइट करत होतो.

"'तांबडा पांढरा रस्सा' असं लिहिलंय तुम्ही," काका म्हणाले.

"हो. फेमस आहे तिथला."

"रस्सा एक आहे की दोन?"

"दोन. एक तांबडा, एक पांढरा."

"मग मध्ये संयोगचिन्ह हवं. नाहीतर एकच रस्सा, आणि तो दोन रंगांचा."

काकांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. पण चिन्हापुढे त्यांना मांसाहार दिसत नव्हता. मी डावीकडे रेघ टाकली, सेव्ह केलं आणि उजवीकडे ती उमटली.

 काकांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसले.

"हे कोणी केलं?"

"मीच. इथे लिहिलं की तिथे होतं."

"मध्ये कोण आहे?"

"मध्ये कुणीच नाही. मी आहे."

"तुम्ही सोडून."

"मग कुणीच नाही."

काकांनी चष्मा पुसला. "आम्ही खूण करायचो. ती कंपोझिटरकडे जायची. तो सवडीने अक्षराचा खिळा बदलायचा आणि बदलताना शेजारचा पाडायचा. दुसरं प्रूफ यायचं, त्यात जुनी चूक गेलेली आणि नवी आलेली. चूक जाताना मी आयुष्यात पाहिलेली नाही." मग जरा लाजल्यासारखे म्हणाले, "परत घाला ती चूक."

मी रेघ काढली. रेघ गेली.

"आता काढा."

मी रेघ टाकली. त्यानंतर त्यांना एक वेलांटी सापडली, मग एक अनुस्वार. खाली गंगा वाहत होती, जगभरातून लोक ती बघायला येत होते, आणि वर आम्ही दोघं एक वेलांटी आत-बाहेर करत बसलो होतो.

तेव्हापासून घाटावरून स्नान करून आले की काका स्टुलावर हजर. माझ्या गिऱ्हाइकांच्या साइटी इतक्या शुद्ध झाल्या की त्यांना त्या ओळखू येईनात. पुण्याच्या एका दातांच्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "'दंतमूलोपचार' म्हणजे मी काय करतो?"

आठवड्याभरात काकांनी वरच्या पट्टीतला पत्ताही वाचला. लोकलहोस्ट, पुढे दोन टिंबं, पुढे आठ शून्य आठ शून्य.

"हा विसर्ग इथे कसा?" त्यांनी विचारलं.

"विसर्ग नाही, काका. ते नुसतं चिन्ह आहे."

"मग प्रथमेचं एकवचन समजू." त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. "आणि होस्ट म्हणजे?"

"यजमान."

"छे. काशीत यजमान म्हणजे जो बाहेरून येतो आणि दक्षिणा देतो तो. जो घरात बसून असतो त्याला यजमान म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढची ओळ तपासायला घेतली.

माझ्या कामाची त्यांनी गल्लीत वाखाणणीही केली. पण त्यांच्या फोनवर माझी पानं उघडत नव्हती, माझ्या लॅपटॉपवरच उघडत होती. म्हणून ते सांगायचे, "इनकी वेबसाइट घर के घर में चलती है." ऐकणाऱ्यांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. दूधवाले भैया मला दुधाबरोबर रोज विचारायला लागले, "भइया, कुछ काम मिला?"

काकूंना मात्र मी बेकार वाटत नव्हतो, नुसता उपाशी वाटत होतो. काकू म्हणजे काकांच्या अगदी उलट. बुटक्या, गोल, सतत बोलत्या. जन्म, माहेर, सासर सगळं बनारसचं. घाटाखालच्या पायऱ्यांसारखी त्यांची मराठी थोडी कोरडी, थोडी पाण्यात. "बेटा, चाय ठेवली आहे, थंडी होऊन जाईल," असं त्या खालून हाक मारून सांगायच्या आणि मी जाईपर्यंत काकांनी त्यातल्या चार शब्दांना मराठी प्रतिशब्द दिलेले असायचे. काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. इतक्या वर्षांचा सराव होता.

त्यांच्या हातचं जेवण मी दुसरीकडे कुठेही खाल्लेलं नाही, कारण ते दुसरीकडे नाहीच. हिरव्या मटारचं वाटण करून बनारसी लोक निमोना करतात. काकू त्यात गोडा मसाला घालायच्या. पोहे साजूक तुपात, त्यात मटार, आलं, वर लिंबू आणि किसलेलं खोबरं. धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही, आणि ताटात उरत नाही.

मंजिरीने एकदा बोलून निरोप पाठवला की आईच्या कृती कुणीतरी लिहून घ्या, मला फोनवर सांगताना ती अर्ध्यात दुसरंच बोलायला लागते. काकांनी तो निरोप मला ऐकवला. मी म्हटलं, आपण छोटी वेबसाइटच करू. काका स्टुलावरून उठून पुन्हा बसले.

असं ठरलं की काकूंनी सांगायचं, मी टाइप करायचं आणि काकांनी तपासायचं. काकू स्वयंपाकघरातून सांगायच्या, मी उंबऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन लिहायचो. मग मी वर गेलो की काका 'प्रूफ' बघायचे. 'मटर'चे 'हिरवे वाटाणे' झाले. 'अदरक'चं 'आलं' झालं. 'छौंक लावून दे' याचं 'फोडणी द्यावी' झालं. 'गॅस बिलकुल मंदा' याचं 'आच अत्यंत मंद ठेवावी' झालं. मी सेव्ह करत होतो, पान ताजं होत होतं, काका प्रत्येक बदल होताना बघत होते आणि खूश होत होते. मलाही वाटत होतं की आपण काहीतरी भाषेसाठी करतोय.

चार-पाच कृती झाल्यावर एकदा काकू चहा घेऊन वर आल्या. पडद्यावर निमोना होता. त्यांनी कप ठेवला आणि वाचलं. हळूहळू, बोट ठेवून.

"हे कोणी सांगितलं?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच की."

"मी असं बोलते?"

काका म्हणाले, "तुझंच आहे सगळं. फक्त शुद्ध केलंय."

"वाटाणे तर वाळलेले असतात," काकू म्हणाल्या. "भिजवावे लागतात. हे मटर आहेत. ह्यांचं वाचून मंजू वाळलेले वाटाणे वाटेल आणि म्हणेल आईने गलत सांगितलं."

"हिरवे म्हटलंय."

"वाळलेले पण हिरवे असतात. तुम्हाला काय माहीत, तुम्ही कधी चौक्यात चुलीपाशी आलात?" त्या जायला वळल्या. "बोलताना मला दुरुस्त करता, ते ठीक आहे. ते हवेत जातं. हे तर मंजू वाचणार. तिला वाटेल आई कुठे गेली, ही कोण बोलते आहे? मी नाही सांगणार आता."

आणि त्यांनी सांगणं बंद केलं. जेवण वेळेवर मिळत होतं, चहाही वर येत होता, पण त्या काकांशी माझ्यामार्फत बोलायला लागल्या. "बेटा, त्यांना सांग की भाजी घेऊन या." मी वळून काकांना सांगायचो. काका मला म्हणायचे, "तिला विचारा, कुठली." दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर असायचे. हा सर्व्हरही मी चालवला.

काकांना वाईट वाटलं होतं, पण ते त्यांनी आपल्या पद्धतीने घेतलं. काकूंचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला होता. आहेत तेवढ्या कृतींची वेबसाइट त्या दिवशी खुली करायची असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि काकूंना न सांगता कार्डं छापून घेतली. छापण्याआधी नमुना मला दाखवला. मी तो नीट पाहिला. खाली डाव्या बाजूला 'तांत्रिक साहाय्य' असं लिहून माझं नाव छापलं होतं. माझं नाव छापलेलं मी लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच बघत होतो, आणि लग्नपत्रिकेत ते बायकोच्या नावापेक्षा लहान टायपात होतं. मी ते पुन्हा पाहिलं. "उत्तम," म्हणालो.

कार्डं पोस्टाने इंदूरला, ग्वाल्हेरला, झाशीला, पुण्याला गेली. गल्लीत काकांनी हातानेच वाटली.

पहिला फोन ग्वाल्हेरहून आला: पान उघडत नाही. मग झाशीहून: उघडत नाही. काकांनी त्यांना पत्ता वाचून दाखवला, विसर्गासकट. मग पुण्याहून त्यांच्या भाच्याचा आला. तो माझ्यासारखंच काम करतो. फोन स्पीकरवर होता म्हणून मी जिन्यातून ऐकलं.

"मामा, उघडलं पान. पण मामीच्या वेबसाइटवर टायर आहेत."

"कसले टायर?"

"ट्रकचे. म्हणजे माझंच काम आहे ते, मी सध्या एका टायरवाल्याची साइट करतोय. मामा, हा पत्ता तुम्हाला कोणी दिला?"

मी जिन्यातच बसलो. खिशातून कार्ड काढलं आणि या वेळी माझं नाव सोडून बाकीचं वाचलं. अगदी तळाशी, सुबक अक्षरात, एकही टिंब इकडचं तिकडे न होता, लोकलहोस्ट आठ शून्य आठ शून्य असं छापलेलं होतं. काकांनी ते माझ्या लॅपटॉपच्या पट्टीवरून उतरवून घेतलं होतं आणि नक्कीच उलटं वाचून तपासलं होतं.

काका वर आले. मी त्यांना समजावून सांगितलं की हा पत्ता म्हणजे 'हेच मशीन'. जो टाइप करेल त्याचा स्वतःचाच लॅपटॉप, स्वतःचाच फोन. ग्वाल्हेरच्या माणसाने तो टाकला की त्याचं मशीन स्वतःलाच विचारतं, तुझ्याकडे काही आहे का, आणि नाही म्हणतं. भाच्याच्या मशीनमध्ये टायर होते म्हणून टायर दिसले.

काकांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "यात अक्षर कुठलं चुकलं?"

"एकही नाही."

"चिन्ह?"

"तेही नाही."

"तरी हे चूक आहे."

"हो, काका."

 "शुद्ध आहे," ते म्हणाले, "आणि चूक आहे." मग कार्ड खिशात घातलं आणि खाली गेले. मी मागून ओरडून सांगितलं की नवा पत्ता घेऊ, सगळ्यांना कळवू, तासाभराचं काम आहे. त्यांनी हात वर केला, पण वळले नाहीत. त्या आठवड्यात स्टूल रिकामंच राहिलं. गल्लीतल्या मिठाईवाल्याने नवी पाटी लावली होती, तिच्यात दोन ढळढळीत चुका होत्या, आणि त्या तशाच होत्या. मिठाईवाल्याने मला अडवून विचारलं, "पंडितजी की तबीयत ठीक है न?"

काकूंनीही विचारलं. "बेटा, हे वर का नाही येत?" मी सगळं सांगितलं. त्यांना टायरांचं हसू येईल असं वाटलं होतं. त्यांनी डाळीच्या डब्यामागून कार्ड काढलं.

"मला हे शेजारणीने दाखवलं. ह्यांनी नाही." त्यांनी मधली ओळ मला वाचून दाखवली. "'जिच्या हातचं जेवण मला आयुष्यभर लाभलं.' बघ. तोंडाने एकदा नाही बोलले. मीठ कमी आहे, इतकंच बोलतात. छापायला मात्र दिलं." कार्ड त्यांनी पुन्हा डब्यामागे ठेवलं. "वाढदिवसाला किती लोकांना बोलावलंय?"

"बोलावलं कुणालाच नाही. घरी बसून उघडायचं होतं."

"घरी तर उघडत नाही. मग येतील."

आणि आले. फोनवर काही दिसत नाही म्हटल्यावर आळीतल्या मराठी बायकांनी ठरवलं की ब्रह्मा घाटावर जाऊनच बघावं. बालाजी घाटाकडच्या दोन घरांतूनही मंडळी आली. माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. लॅपटॉप मी वॉशिंग मशीनवर ठेवला, कारण तेच सगळ्यांना दिसेल इतकं उंच होतं. बायकोने बँकेतून अर्धी रजा काढली होती आणि ती माझं काम प्रथमच इतक्या लोकांना आवडताना बघत होती, किंवा निदान इतक्या लोकांना दिसताना. काका शेवटी आले आणि स्टुलावर बसले. अंगावर कडक इस्त्रीचा सदरा होता.

सगळ्यांनी निमोना वाचला. "छान लिहिलंय," एक बाई म्हणाल्या. दुसऱ्या वळून काकूंना शोधायला लागल्या.

काकू दारात होत्या. त्या गर्दीतून पुढे आल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "हे मिटव. मी सांगते, तू लिही."

मी काकांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते. मी पान कोरं केलं.

"लिही. मटर छिलून घे. कोवळे घे, मोठे नको, मोठे मीठे नाही लागत."

मी लिहिलं. उजवीकडे तसंच उमटलं. बायका पुढे सरकल्या.

"अर्धे वाट, अर्धे तसेच ठेव. बिलकुल महीन नको वाटू."

"काकू, वाटताना अदरक?" कुणीतरी विचारलं.

"अदरक नंतर. मंजूला घाई असते, तिच्यासाठी लिही: मंजू, अदरक नंतर." मी तेही लिहिलं. लोक हसले, काकूही हसल्या. "आता कढईत तूप घाल, जिरा, हींग, आणि छौंक लाव."

मी लिहिलं: 'फोडणी द्यावी.' मुद्दाम नाही. इतके महिने काकांच्या हाताखाली काढल्यावर बोटं आपोआप तिकडे वळली.

"ती छौंक म्हणाली," स्टुलावरून आवाज आला.

 मी मागे पाहिलं.

"तुम्ही फोडणी लिहिलंय," काका मला म्हणाले. "मूळ प्रतीत छौंक आहे. मूळ प्रतीत असेल ते लावायचं असतं. आपल्या मनाचं नाही." त्यांचा आवाज नेहमीचा, प्रूफ बघतानाचाच होता, फक्त ते पडद्याकडे न बघता काकूंकडे बघत होते. "आणि 'द्यावी' नाही. 'लाव' म्हणाली."

मी बदललं. 'छौंक लाव.' पान ताजं झालं.

काकू एवढंच म्हणाल्या, "आता सांगू पुढे?" त्या थेट काकांना म्हणाल्या.

"सांग," काका म्हणाले.

यापुढे सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल तर तुम्ही काकांना ओळखलं नाही. मूळ प्रत सापडल्यावर ते तिच्यामागे हात धुऊन लागले. आधीच्या सगळ्या कृती त्यांनी रद्द केल्या आणि स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले. "अगं, तू आत्ता 'थोडंसं' म्हणालीस की 'थोडं सा'? पुन्हा म्हण." काकूंची पोळी तव्यावर करपायची. "मागच्या वेळी 'चुटकीभर' म्हणालीस, आज 'जरासं' म्हणतेस. कुठला पाठ धरायचा?" काकू मला म्हणायच्या, "पहिलेच बरे होते रे हे. वर बसायचे." पण सांगायच्या. उन्हाळ्यापर्यंत चांगली भरगच्च साइट झाली. मी तिला खराखुरा पत्ता घेऊन दिला, ती जगात सोडली आणि काकांनी ग्वाल्हेर, झाशी, पुणे इथे फोन करून प्रत्येकाकडून पत्ता उलटा म्हणवून घेतला. मंजिरीने निमोना करून त्याचा फोटो पाठवला. सोबत शब्द नव्हते; तिने धोका पत्करला नव्हता.

पहिल्या पानावर काकांनी स्वतःची एकच ओळ घातली होती: 'या कृती ती सांगते तशाच लिहिल्या आहेत.' 'ती' कोण, हे लिहायला हवं असं मी सुचवलं. "कळतं," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी बायकोची बदली नाशिकला झाली. ट्रकमध्ये वॉशिंग मशीन चढलं, मीही चढलो. काकांचे फोन येत राहिले. कुठल्यातरी कृतीत एखादा शब्द काकू आता वेगळा म्हणतात, तो बदला. मी लॅपटॉपवर बदलायचो, उजवीकडे पान ताजं व्हायचं, मग वर चढवायचो आणि काका तिकडे फोनवर बघून 'बरोबर' म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात असाच सकाळी फोन आला. मी एका शाळेच्या साइटवर काम करत होतो.

"एक दुरुस्ती होती," काका म्हणाले. "वेळ आहे का?"

"बोला ना, काका."

"पहिल्या पानावर. 'ती सांगते' असं आहे."

"हो."

"'सांगायची' करा."

मी ते पान उघडलं. सर्व्हर चालू केला. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि मग मला कळलं की मी काय ऐकलंय. मी विचारलं, कधी. त्यांनी सांगितलं, आठवडा झाला. झोपेतच. मंजिरी आली होती, कालच परत गेली. ते कळवणार होते, पण राहून गेलं.  मग त्यांनी विचारलं, "केलंत का?"

मी केलं. 'या कृती ती सांगायची तशाच लिहिल्या आहेत.' सेव्ह केल्याबरोबर उजवीकडे तो शब्द बदलला.

"झालं, काका."

"तुमच्याकडे दिसतंय?"

"दिसतंय."

"माझ्याकडे अजून 'सांगते' आहे."

"वर चढवावं लागेल. चढवलं की तुम्हालाही दिसेल. सगळ्यांनाच."

पलीकडून वानरांचा आवाज आला, कुणीतरी गल्लीतून घंटी वाजवत गेलं.

"मग नको चढवू," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी एकेरीत बोलले. "मंजिरी रोज उघडते ते पान. आहे तसं वाचू दे तिला."